जादाची बेडरूम: ऑफिस, पेटीचा क्लास आणि आई-बाबांची झोप

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे की नाही ते कळेल. पुण्यात स्वतःचा थ्री बीएचके. तिसरी बेडरूम १० बाय ११ फूट, ११ फुटांची बाजू उत्तर-दक्षिण. पश्चिमेच्या भिंतीत पाच फुटी सरकती खिडकी, दार पूर्वेच्या भिंतीत, दक्षिणेच्या कोपऱ्याजवळ. तुम्ही संध्याकाळी साडेपाच ते रात्री अकरा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉलवर असता. तुमच्या पत्नी सकाळी सात ते नऊ पेटी घेऊन ऑनलाइन गाणं शिकवतात. वर्षातून दोनदा आई-बाबा गावाहून येतात आणि महिना-दीड महिना राहतात. शिवाय इस्त्री तिथंच आणि मोठ्या बॅगाही तिथंच. आणि विचारलंय काय, तर भिंतीत दुमडणारा बेड घ्यावा की सोफा-कम-बेड, आणि खोली शांत वाटायला रंग कोणता द्यावा. सोबत एक करडा रंगही दाखवलाय.

मी घरांच्या इंटिरिअरचं काम करते. एका खोलीकडून चार कामं करून घ्यायची असली की बेड आणि रंग या गोष्टी मी सर्वांत शेवटी ठरवते. आधी एका कागदावर खोलीचं वेळापत्रक मांडायला सांगते. दिवसाचे तास आडवे, घरातली माणसं उभी. कोण कधी आत असणार, बोलत असणार की गप्प, बसलेलं असणार की झोपलेलं. दहा बाय अकरामध्ये जागेची वाटणी करायला गेलात तर प्रत्येकाला एकेक कोपरा मिळतो आणि खोली कुणालाच मिळत नाही. वेळेची वाटणी केली तर ज्याच्या त्याच्या वेळेला पूर्ण खोली मिळते. त्याला अट एवढीच, की एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होताना हलवाहलव होता कामा नये. टेबलावरची पेटी खाली, खुर्चीवरचे कपडे पलंगावर, पलंगावरची इस्त्री जमिनीवर, असं रोज सुरू झालं की भिंतीचा रंग कितीही सौम्य असो, माणूस कॉलला बसतो तोच वैतागून.

तुमचं वेळापत्रक मी मांडून पाहिलं. वर्षातले नऊ-दहा महिने काहीच अडत नाही. सकाळी त्या, दुपारी इस्त्री, संध्याकाळी तुम्ही. आई-बाबा आले की मात्र रात्री साडेनऊ ते अकरा हा दीड तास अडतो. ते झोपणार, तुम्ही बोलणार, आणि खोली एकच. यावर कुठल्याही प्रकारचा बेड हा उपाय नाही. त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला असते, ती हिवाळ्यात आठला जाते. आई-बाबा दिवाळीनंतर येत असतील तर तुमचे अकराचे बारा झाले म्हणून समजा.

म्हणून तुमच्या घरात आज ठरवायची गोष्ट आहे ती म्हणजे त्या महिन्यांत रात्री नवानंतर तुम्ही कुठं बसणार. दोन मार्ग दिसतात. एक, आई-बाबांना मास्टर बेडरूम द्यायची आणि तुम्ही दोघं या खोलीत झोपायचं. बाबांना रात्री उठावं लागत असेल आणि बाथरूम फक्त मास्टरलाच जोडलेलं असेल तर हा मार्ग त्यांना सोयीचा. पण पत्नींना सकाळी सातला आवाज लावायचा आहे, त्या बारापर्यंत तुमचे कॉल ऐकत बसणार नाहीत. दुसरा मार्ग, हॉलच्या एखाद्या कोपऱ्यात तीन फूट रुंदीची, एरवी खाली दुमडून ठेवता येणारी फळी, तिथं दोन प्लग पॉइंट आणि राउटरपासून आलेली एक नेटवर्क केबल. रात्री नवानंतर हॉल बहुतेक घरांत मोकळाच असतो. मी दुसऱ्या मार्गाकडे झुकते. त्याला खर्च कमी आणि घरातल्या कुणाचीच झोप हलत नाही. हॉलमध्ये उशिरापर्यंत टीव्ही चालत असेल तर मात्र हे गणित बदलतं, ते तुमचं तुम्हालाच माहीत.

आता खोलीची मांडणी. टेबल उत्तरेच्या भिंतीला, पश्चिमेच्या कोपऱ्यापासून साडेतीन फूट सोडून. दिवाण पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली, दक्षिणेच्या कोपऱ्यात सारलेला. कपाट पूर्वेच्या भिंतीला, दार आणि टेबल यांच्या मधे. दक्षिणेची भिंत मोकळी. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून बसलात की खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला ही बाजू चांगली, लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. कॅमेऱ्याला तुमच्या मागे दिसते ती मोकळी दक्षिण भिंत. दार त्या चौकटीच्या बाहेर राहतं, म्हणजे कुणी चहा घेऊन आलं तरी टीमला दिसत नाही. वास्तू पाहणारेही उत्तरेकडे तोंड करून कामाला बसा असंच सांगतात, त्यामुळे तुमच्या घरी या मुद्द्यावर चर्चा व्हायचं कारण नाही!

पत्नींसाठी मात्र टेबलाचा विचार करू नका. पेटी घेऊन शिकवणाऱ्या बाईला जमिनीवरची बैठक हवी, मधली साधारण सहा बाय चार फुटांची सतरंजी आणि लॅपटॉपसाठी एक चौरंग. त्यांनी खिडकीकडे तोंड करून बसावं. पश्चिमेच्या खिडकीत सकाळी थेट ऊन नसतं, फक्त मऊ उजेड येतो, तो समोरून चेहऱ्यावर पडतो. विकतच्या रिंग लाइटपेक्षा तो केव्हाही चांगला. पाठीमागे कपाटाची दारं दिसतील, म्हणून त्यांना चकचकीत सनमायका नको, मॅट हवा. चकचकीत पृष्ठभागावर खिडकीचा पांढरा पट्टा उमटतो आणि विद्यार्थ्यांना बाईंपेक्षा तोच आधी दिसतो.

उन्हाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पश्चिमेची खोली इथंच फसते. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे मे महिन्यातलं संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरकं येऊन दाराच्या बाजूला, म्हणजे आग्नेयेला पडतं. टेबलाला त्याचा थेट त्रास नाही, पण खोली तापते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो आणि तेच ऊन ईशान्येकडे, म्हणजे नेमकं तुमच्या टेबलावर आणि स्क्रीनवर येतं. तुमचं काम साडेपाचला सुरू होतं आणि तेव्हा पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे हा त्रास अर्ध्या तासाचाच. तेवढ्यासाठी आतून रोलर ब्लाइंड पुरतो. उष्णतेसाठी पुरत नाही. ऊन काचेतून एकदा आत आलं की जाड पडदाही तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. बांबूची चिक किंवा बाहेरून लावायची जाळीदार कापडी शेड हा जुना आणि खात्रीचा उपाय. सोसायटी बाहेरच्या बाजूला काही लावू देते का ते आधी विचारा. नाही म्हणाले तर काचेवरची उष्णता अडवणारी फिल्म हा त्याखालचा पर्याय.

दिव्यांचं गणित सोपं आहे, पण इलेक्ट्रिशियनवर सोडलं की छताच्या मध्यभागी एक पॅनेल लागतो आणि विषय संपतो. तो दिवा टेबलावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागून येतो, म्हणजे डोक्याची सावली बरोबर वहीवर. वाचन-लेखनाला टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो. सगळी खोली तेवढी उजळायची गरज नाही. टेबलाच्या वर, माणसाच्या थोडा पुढे, ४००० केल्विनचा एक दिवा लावा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). दिवाण आणि बैठकीच्या बाजूला २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दोन दिवे, वेगळ्या बटणावर. आई-बाबा असतील तेव्हा आणि काम संपल्यावर फक्त तेच लागतील. एक दिवा कॉलसाठी स्क्रीनच्या मागे भिंतीवर उजेड टाकणारा ठेवा, तो परत येऊन चेहऱ्यावर पडतो आणि डोळ्यांतही घुसत नाही. छतातला कुठलाही दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येणार नाही हे मात्र स्वतः उभं राहून बघा. पात्यांमधून उजेड आला की खोलीभर सावल्या लुकलुकतात. माणसाला त्याची सवय होते, कॅमेऱ्याला होत नाही.

आवाजाबाबत लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. बाहेरचा आवाज आत येणं ही एक. आतला आवाज खोलीत घुमणं ही दुसरी. स्पंजचे काळे त्रिकोणी पॅनेल दुसऱ्या गोष्टीसाठी असतात. ते लावून कुकरची शिट्टी थांबत नाही. बाहेरचा आवाज फटींमधून येतो: दाराखालची अर्धा इंच फट आणि सरकत्या खिडकीच्या रुळातली केसाळ पट्टी. दाराला खाली रबरी सील आणि चौकटीच्या उरलेल्या तीन बाजूंनी गॅस्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी) लावली की बराच फरक पडतो, आणि या कामाला एक दुपार पुरते. खिडकी बदलायची तयारी असेल तर सरकती काढून बिजागरीची, रबरी गॅस्केट असलेली घ्या. ती घट्ट दाबून बंद होते, सरकती कधीच होत नाही. पूर्वेच्या भिंतीला कपड्यांनी भरलेलं कपाट आलं की हॉलकडून येणारा आवाजही थोडा दबतो. घुमणं कमी करायला वेगळं काही विकत घेऊ नका. जाड सतरंजी, दिवाणाची गादी-लोड, कापडी पडदा आणि पुस्तकांची एक उथळ मांडणी एवढ्यावर गाण्याच्या क्लासला पुरेशी खोली होते. फार मऊही करू नका. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडा परत ऐकू यावा लागतो, नाहीतर तो नकळत ताणून गातो.

खोली शांत दिसण्याबद्दल माझं मत एका वाक्यात सांगते: डोळ्यांसमोर जितकं कमी, तितकी खोली शांत. उघडे शेल्फ फोटोत छान दिसतात, घरात तिथं चार्जर, औषधं आणि जुनी बिलं येऊन बसतात. म्हणून बंद दारांचं कपाट, छतापर्यंत. वरच्या माळ्यात बॅगा आणि गोधड्या. मधल्या भागात एक खण प्रिंटर आणि कागदांचा, त्याच्या आत प्लग पॉइंट. खाली पेटीची जागा, जमिनीलगत सरकवता येईल अशी, म्हणजे ती उचलावी लागणार नाही. पेटी खिडकीखाली मात्र ठेवू नका, पश्चिमेच्या उन्हात लाकूड सुकून फटी पडतात आणि सूर बिघडतात. इस्त्रीचं टेबल घडीचं, कपाटाच्या बाजूला उभं सरकेल एवढी पाच-सहा इंचांची खाच. इस्त्री हजार वॅटच्या आसपास वीज ओढते. तिला स्वतंत्र पॉइंट द्या, कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. पुस्तकांच्या फळ्या १८ मिलिमीटर प्लायच्या असतील तर अडीच-तीन फुटांपेक्षा लांब न ठेवणं बरं, पुढे त्या मधोमध वाकतात. कपाटाची पाठ बाथरूमच्या भिंतीला येत असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या.

टेबलाची उंची सुतार न विचारता ३० इंच करतो. खुर्चीवर ताठ बसून, खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात धरा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. बहुतेकांचं २६ ते २८ इंच भरतं. टेबलाची उंची तेवढी. लांबी साडेचार फूट पुरे, भिंतीपासून पुढे रुंदी किमान २४ इंच आणि मोठा मॉनिटर असेल तर २७. खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का ते खुर्ची घेतानाच पाहा. आणि खुर्ची ऑनलाइन फोटोवरून घेऊ नका. दुकानात जाऊन वीस मिनिटं बसा, दुकानदार काय म्हणेल याचा विचार करू नका, रोज साडेपाच तास तुम्हाला बसायचंय.

आता बेड. भिंतीत दुमडणारा बेड उघडताना-मिटताना भिंतीला ओढ देतो, त्यामुळे भिंत कसली आहे यावर सगळं अवलंबून. एखादं भोक पाडून बघा. लाल भुकटी आली तर वीट. पांढरट-करडी भुकटी आली आणि ड्रिल सहज आत गेलं तर हलका एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटची वीट), त्यात साधे फास्टनर धरत नाहीत. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) किंवा जमिनीवर उभी राहणारी स्वतंत्र चौकट लागते. ड्रिल आत जायलाच तयार नसेल तर ती मायव्हानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत. ती वजन धरेल, पण वायरिंगसाठी तिच्यात खाचा पाडू नका, आत सळ्या असतात. तिथं वायर वरून, केसिंग पट्टीतून न्या.

भिंत धरत असली तरी तुमच्याकडे मी दुमडणारा बेड सुचवणार नाही. तो वर्षातले नऊ-दहा महिने बंद राहणार, आणि त्या काळात बसायला, पाठ टेकायला, दुपारी तासभर पडायला तुमच्याकडे काहीच नसणार. सोफा-कम-बेडचा दोष उलटा. बसायला बरा, पण मधल्या सांध्यावर महिनाभर झोपणं वयस्कर पाठीला जमत नाही. माझी निवड: सव्वासहा बाय तीन फुटांचा दिवाण, त्याच्या पोटात त्याच मापाचा दुसरा, चाकांवरचा, बाहेर काढल्यावर पाय उघडून वरच्याच्या उंचीला येणारा. पाय नसलेला स्वस्त मिळतो, पण तो जमिनीपासून नऊ-दहा इंचांवर राहतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठवत नाही. गादीसकट उंची १८ ते २० इंच ठेवा. दोन्ही दिवाण उघडल्यावर सहा फुटांचा पलंग होतो आणि कपाटापर्यंत जेमतेम दोन फुटांची वाट उरते, तेवढी रात्री उठायला पुरते. टेबल जागच्या जागी राहतं, त्यावरचा एक कागदही हलवावा लागत नाही. या मांडणीत दिवाणाखाली साठवण मिळत नाही हे खरं. म्हणूनच वर माळ्यावर एवढा भर दिला. सकाळी सातच्या आत आतला दिवाण परत ढकलायचा, हे त्या महिन्यांतलं एकमेव रोजचं काम.

रंगाचं थोडक्यात. तुम्ही दाखवलेला करडा रंग पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात आणि नंतर पिवळ्या दिव्यात मातकट दिसण्याची शक्यता बरीच आहे. मी तीन भिंतींना किंचित उबदार पांढरा आणि दक्षिणेच्या भिंतीला, कॉलमध्ये जी मागे दिसते तिला, फिकट पिस्ता किंवा मातीकडे झुकणारा सौम्य रंग देईन. दोन्हीकडे चमक नसलेला इमल्शन. पण माझ्या शब्दावर डबा आणू नका. दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा आणि सकाळी आठ, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून, असा तीनदा पाहा.

कामांचा क्रम असा धरा: वेळापत्रक, मग जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून टेबल, दिवाण, कपाट खऱ्या मापात मांडून दोन दिवस त्यातून वावरून बघणं, मग वायरिंग, मग दार-खिडकीच्या फटी, मग रंग, आणि सुतारकामाचे तयार भाग शेवटी आणून बसवणं. वायरिंगमध्ये टेबलाच्या वरच्या उंचीला निदान चार प्लग, राउटरपासून एक नेटवर्क केबल या खोलीत आणि एक हॉलच्या त्या कोपऱ्यात. राउटरला छोटा यूपीएस असू द्या. वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो, कॉल मात्र राउटरबरोबर जातो.

खर्च किती हे प्लाय, फिटिंग आणि तुमचा सुतार यांवर इतकं बदलतं की इथं आकडा टाकणं बरोबर होणार नाही. पैसे कमी पडतायत असं वाटलं तर खुर्ची आणि वायरिंग सोडून बाकी सगळं टप्प्यानं करता येतं. आत्ता असलेलं कपाट हलवून वापरा, टेबलाऐवजी दोन स्टँडवर एक चांगली फळी टाका, दिवाण आई-बाबा यायच्या महिनाभर आधी करायला द्या. हॉलच्या कोपऱ्यातली केबल मात्र रंगाच्या आधीच टाकून घ्या. पायात वायर आली की आई ती पहिल्याच दिवशी उचलून कपाटावर ठेवणार.